वल्हं की अँटेना?

वेंटवर्थव्हिलला इथले लोक ‘वेंटी’ म्हणतात. सिडनीच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या लोकलवर वेस्टमीडच्या पुढचं स्टेशन. वेस्टमीडला 1978पासून मोठं सरकारी रुग्णालय आहे, 1995पासून मुलांचं रुग्णालय आहे आणि शेजारीच वैद्यकीय संशोधन संस्था. त्यामुळे वेंटीतल्या भारतीय घरांत कोणी ना कोणी ‘वेस्टमीडला’ असतंच. (ज्या वेंटवर्थ घराण्याचं नाव या उपनगराला मिळालं, त्याचा मूळ पुरुष डार्सी वेंटवर्थ हाही पेशानं शल्यचिकित्सकच होता.) आमच्या घरातून माझी बायको तिकडे जाते, मूत्रपिंडाच्या रोगांवरच्या चाचण्यांचं काम बघते. तिचे मामा सांगलीच्या एका कॉलेजातून प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेत आणि उन्हाळा चुकवायला आमच्याकडे आलेत. दोघं समोरासमोर बसले की वाद ठरलेला. हा त्यांतला एक. वाक्यं मी थोडी सरळ केली आहेत, मुद्दे त्यांचेच.

मामा : जन्मभर मी पोरांना एकच शिकवलं. पक्ष्माभिका आणि कशाभिका म्हणजे पेशीची हलण्याची साधनं. आखूड आणि शेकड्यानं असल्या तर पक्ष्माभिका, लांब आणि एक-दोन असल्या तर कशाभिका. आतली रचना एकच : कडेला सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन सुट्या. डाइनीन नावाचं प्रथिन या जोड्या एकमेकींवर सरकवतं, की दांडी वाकते. वल्हं आहे ते, वल्हं. आणि तू म्हणतेस ते ज्ञानेंद्रिय. उद्या म्हणशील पाय ऐकतात!

भाची : नऊ अधिक दोन हे हलणाऱ्यांचं झालं, मामा. न हलणाऱ्यांचं काय? त्यांच्यात मधल्या दोन नलिका नाहीत, डाइनीनचे हात नाहीत. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशींवर अशी एकेकच सिलिया, म्हणजे तुमची पक्ष्माभिका, उभी असते. मूत्रपिंडात, मेंदूत, हाडात, स्वादुपिंडात. हलायचंच नाही तर पेशी ती कशाला बाळगेल?

मामा : उत्क्रांतीत मागे उरलेली असेल. आमच्या पुस्तकात तशी एक ओळ होती : प्राथमिक पक्ष्माभिका, अवशेषरूप, कार्य अज्ञात.

भाची : त्या ओळीनं फार नुकसान केलं. झिमरमान नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञानं 1898 सालीच माणसाच्या पेशींवरच्या या एकट्या दांड्या रेखाटल्या होत्या आणि त्यांचं काम संवेदनेचं असावं असंही लिहून ठेवलं होतं. पुढे शंभर वर्षं त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मामा : अंदाज कोणीही लिहील. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. सांगलीच्या काळ्या खणीच्या तळ्यातलं पाणी आणायचं, त्यात वाळकं गवत टाकून ठेवायचं. चार-पाच दिवसांनी वर पातळ साय धरते. तिच्याखालचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा. पॅरामिशियम इतकं पळतं की नजर ठरत नाही, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार धागे सोडायचे. ते धाग्यावर आपटतं, थबकतं, मागे सरकतं, अंग जरा वळवतं आणि पुन्हा पुढे. विद्यार्थी तासन्‌तास बघत बसायचे. आता या सगळ्यात स्पर्श कळला कोणाला? पेशीच्या अंगाला! स्पर्श ओळखणारे आयनमार्ग तिच्या कातडीत असतात, पुढच्या टोकाला. पक्ष्माभिका फक्त हुकूम पाळतात.

भाची : हुकूम पोचतो कसा ते अर्धवट ठेवलंत. अंगाला धक्का बसला की पेशीचा विद्युतदाब बदलतो, आणि तो बदल ओळखून कॅल्शियम आत घेणारे मार्ग कुठे असतात? सिलियाच्या आवरणात. सिलिया काढून टाकल्या तर तो कॅल्शियमचा प्रवाहच नाहीसा होतो, हे 1970च्या दशकातच दिसलं होतं. म्हणजे विजेचा निरोप सिलियाच वाचते आणि मग उलटी फिरते. वाचणं आणि हलणं एकाच दांडीत.

मामा : ते मार्ग बिघडलेलं पॅरामिशियमही आहे. चिंग कुंग यांनी शोधलं आणि नाव दिलं ‘पॉन’, म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं. ते मागे जाऊच शकत नाही, आपटत राहतं. (मामा इथे मनापासून हसले. उत्परिवर्ती जीवांना नावं ठेवण्यात आनुवंशशास्त्रज्ञांचा हात कोणी धरणार नाही.) पण बाई, आतला निरोप वाचणं वेगळं आणि बाहेरचं जग ओळखणं वेगळं. मला बाहेरचं दाखव.

भाची : नाक दाखवते. वास घेणाऱ्या चेतापेशीच्या टोकाला दहा ते तीस सिलिया असतात, नाकातल्या ओलाव्यात पसरलेल्या. ज्या ग्राही प्रथिनांसाठी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004चं नोबेल मिळालं, ती त्या सिलियांवरच बसलेली असतात. तुम्ही हिंग ओळखता तो सिलियानं. आणि डोळा तर आणखी पुढचा. दृष्टिपटलातल्या शलाका पेशीचा प्रकाश टिपणारा सगळा भाग म्हणजे वाढलेली, बदललेली सिलियाच. आत चकत्यांची चळत. रोज त्यातला सुमारे दहावा हिस्सा झडतो आणि तितक्याच नव्या चकत्या तयार होतात. त्यांचा सगळा माल एका अरुंद सिलियातून वर चढतो. तो रस्ता बंद पडला की माणूस हळूहळू आंधळा होतो.

मामा : माल चढतो हे मान्य. सिलियात रायबोसोम नसतात, तिथे प्रथिन बनतच नाही. सगळं खालून न्यावं लागतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी फळमाशीच्या वासावर काम सुरू केलं होतं. त्याच संस्थेत पुढे कृशानु राय यांच्या गटानं माशीच्या शृंगिकेतल्या सिलियात वासाचा सहग्राही कोणतं मोटार-प्रथिन वाहून नेतं ते दाखवलं. कायनेसिन-2. एवढं आम्हीही वाचतो.

भाची : मग वाद कसला उरला?

मामा : वाद असा, की नाक आणि डोळा ही खास दुकानं झाली. पेशीनं हाताशी असलेली जुनी दांडी उचलली आणि तिच्यावर पाटी बदलली. त्यावरून सगळ्याच पक्ष्माभिका ज्ञानेंद्रियं, असं कसं म्हणायचं? श्वासनलिकेतल्या बघ. एकेका पेशीवर दोनेकशे, सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटकारतात आणि कफ वर ढकलतात. शुद्ध मजुरी.

भाची : तुमच्या मजुरांची चव घेण्याची सोय माहीत आहे? 2009 साली आयोवाच्या गटानं ‘सायन्स’मध्ये दाखवलं की माणसाच्या श्वासनलिकेतल्या हलणाऱ्या सिलियांवर कडू चवीचे ग्राही आहेत. कडू रसायन लागलं की आत कॅल्शियम वाढतं आणि फटकारे जलद होतात. त्या पेशीला मज्जातंतूचा हुकूम लागत नाही; घाण आली हे तिचं तिलाच कळतं आणि तीच ती झाडते.

मामा थोडा वेळ गप्प बसले. माझ्या मते वादातला पहिला खरा मुद्दा इथे पडला. ‘हलणारी ती मजूर, न हलणारी ती ज्ञानेंद्रिय’ ही वाटणी पाठ्यपुस्तकाच्या सोयीची आहे, पेशीला ती ठाऊक नाही. शुक्रजंतूचं शेपूटही यातच येतं : त्यावरचे कॅल्शियमचे खास मार्ग बीजाजवळच्या प्रोजेस्टेरॉननं उघडतात आणि शेपटाची चाल बदलते. जिवाणूंची कशाभिका तर घडणीनं सर्वस्वी निराळी, वेगळ्या प्रथिनाची, मुळाशी फिरणारी मोटार असलेली. दोन्हींना एकच नाव पडलं हा इतिहासाचा अपघात. पण व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या समुद्री जिवाणूची ही कशाभिका फिरताना अडली की त्याला आपण पृष्ठभागाला लागलो हे कळतं आणि तो अंगभर नव्या कशाभिका उगवतो. हे 1988 साली सिद्ध झालं.

मामा : बरं, ते दिलं तुला. आता तुझ्या दवाखान्यातलं बोल. मूत्रपिंडातल्या त्या एकट्या दांडीला तुम्ही अँटेना म्हणता. ऐकायला छान आहे. पुरावा?

भाची : पुरावा तुमच्याच तळ्यातून आला. क्लॅमिडोमोनास. दोन कशाभिकांचं हिरवं एकपेशीय शैवाल.

मामा : मीच शिकवलंय.

भाची : येलच्या जोएल रोझेनबाउम यांच्या प्रयोगशाळेत 1993 साली त्याच्या कशाभिकेत काहीतरी वरखाली धावताना दिसलं. मालवाहतूक. ती चालवणारी प्रथिनं एकेक करून शोधली, तेव्हा 2000 साली त्यातलं एक उंदराच्या एका जनुकाशी जुळलं. ते जनुक बिघडलेल्या उंदराच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात हे आधीपासून माहीत होतं. त्याच्या मूत्रपिंडातल्या सिलिया पाहिल्या, तर खुरटलेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी कृमीमध्ये दिसलं होतं की माणसात गाठी आणणाऱ्या जनुकाचा तिथला भाऊबंद नराच्या संवेदी चेतापेशींच्या सिलियात बसलेला असतो. तो बिघडला तर नराला मादी चाचपता येत नाही. शेवाळ, कृमी, उंदीर, माणूस अशी ओळ लागली. शंभर वर्षांची ‘अवशेषरूप’ वस्तू दोन वर्षांत रोगाच्या मुळाशी जाऊन बसली.

मामा : रोगाच्या मुळाशी आहे हे मानतो. अँटेना आहे हे कुठे आलं?

भाची : 2001 आणि 2003. मूत्रपिंडाच्या पेशी काचेवर वाढवल्या, वरून द्रव सोडला, सिलिया वाकली, पेशीत कॅल्शियम वाढलं. पॉलिसिस्टिन-1 आणि पॉलिसिस्टिन-2 ही दोन प्रथिनं सिलियावर बसतात. ती नसली तर कॅल्शियम वाढत नाही. म्हणून चित्र असं झालं : नलिकेतून मूत्र वाहतं, सिलिया वाकते, प्रवाह आहे हे पेशीला कळतं आणि ती शहाण्यासारखी गप्प राहते. प्रथिन बिघडलं की पेशी बहिरी होते, वाढत सुटते, गाठ होते.

मामा : दूरदर्शनच्या दिवसांत आमच्या गच्चीवर अँटेना होता. वारा सुटला की तो वाकायचा. म्हणून काय तो वारा पकडायचा? पकडायचा छायागीत! वाकते म्हणून वाकणंच ओळखते, हे तुझं अनुमान कच्चं आहे.

मला वाटतं, मामांच्या आयुष्यातला हा सर्वांत चांगला आक्षेप असेल. आणि तो त्यांनी एकट्यानं घेतलेला नाही.

भाची : 2016 साली ‘नेचर’मध्ये हाच आक्षेप छापून आला. सिलियाच्या आतच कॅल्शियम दाखवणारं प्रथिन बसवलेले उंदीर तयार केले, मूत्रपिंडाच्या आणि इतरही पेशींच्या सिलिया द्रवाच्या प्रवाहानं वाकवल्या. सिलियात कॅल्शियम वाढलंच नाही. लेखाचं शीर्षकच होतं की प्राथमिक सिलिया कॅल्शियमनं धक्का ओळखत नाहीत.

मामा : मग इतका वेळ काय सांगत होतीस?

भाची : सांगत होते ते अजून संपलेलं नाही. 2023 साली दोन गटांनी, एकानं उंदराच्या आणि एकानं झेब्राफिशच्या गर्भात, लेझरच्या चिमट्यानं एकेक सिलिया धरून वाकवली. गर्भात डावं-उजवं जिथे ठरतं त्या खळग्यातली. तिथे मात्र वाकवलं की कॅल्शियम वाढलं, आणि त्यासाठी पॉलिसिस्टिन-2 लागलं. तुमच्या हलणाऱ्या सिलिया तिथे डावीकडे प्रवाह ढकलतात, माझ्या न हलणाऱ्या तो ओळखतात, आणि हृदय डावीकडे जातं. हलणाऱ्या बंद पडल्या तर साधारण निम्म्या मुलांत हृदय उजवीकडे. अफ्झेलियस यांनी 1976 साली चार पुरुषांत ते ओळखलं : जुनाट सर्दी-खोकला, पांगळे शुक्रजंतू आणि काहींचं हृदय उजव्या बाजूला.

मामा : म्हणजे गर्भात अँटेना वारा पकडतो आणि मूत्रपिंडात छायागीत.

भाची : छायागीत कुठलं, ते मात्र नक्की झालेलं नाही. आणि तुम्हाला आवडेल अशी आणखी एक अडचण आहे. सिलिया बहिरी झाल्यानं गाठ होत असेल, तर सिलियाच कापून टाकली तरी तितकीच गाठ व्हायला हवी. 2013 साली उंदरांत करून पाहिलं. पॉलिसिस्टिन काढलं, सिलिया ठेवली : गाठी भराभर. सिलिया काढली : गाठी सावकाश. दोन्ही काढलं : तरीही सावकाश. म्हणजे पॉलिसिस्टिन गेल्यावर सिलिया गप्प बसत नाही, ती वाढीचा निरोप देतच राहते. पॉलिसिस्टिन तिला आवरून धरत होतं.

मामा : हे मला पटतं. ज्ञानेंद्रिय म्हणजे नुसतं ऐकणारं नव्हे.

भाची : मी तर म्हणते सिलिया ही मुळात वेगळी खोली आहे. बुडाशी दाराचा पहारा, आत यायला परवाना लागतो, आकारमान पेशीच्या काही हजारांतला एक हिस्सा. एवढ्या लहान जागेत चार रेणू जमले तरी निरोप ठळक होतो. गर्भाची बोटं, मज्जारज्जू घडवणारा हेजहॉग नावाचा निरोप सिलियातूनच जातो, हे 2003 आणि 2005 साली कळलं. म्हणून तर बार्डेट-बीडल हा सिलियांचा आनुवंशिक विकार असलेल्या मुलाला सहावं बोट, लठ्ठपणा, रातांधळेपणा, वास न येणं, मूत्रपिंडाची दुखणी हे सगळं एकत्र असतं. पूर्वी असं मूल घेऊन आईबाप पाच डॉक्टरांकडे फिरायचे, आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिसायचा.

मामा : विज्ञान झालं. तुझ्या रुग्णाला यातून काय मिळालं? तुमच्या वेस्टमीडनंच लोकांना पाणी पाजून पाहिलं ना? प्रवाह वाढला की सिलियाला बरं वाटेल म्हणून?

भाची : प्रवाहासाठी नव्हे. पाणी भरपूर प्यायलं की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक उतरतं, आणि गाठी भरवणारा पेशीतला निरोप त्या संप्रेरकावर पोसतो. टॉल्व्हॅप्टन हे औषध तेच संप्रेरक अडवतं; अमेरिकेत त्याला 2018 साली मान्यता मिळाली. पाणी फुकट, औषध महाग, म्हणून प्रश्न रास्त होता. वेस्टमीडच्या पुढाकारानं ऑस्ट्रेलियात 184 रुग्णांवर तीन वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना मोजून जास्त पाणी, निम्मे तहानेप्रमाणे. 2022 साली निकाल आला : मूत्रपिंडांच्या वाढीत फरक पडला असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

मामा : फसली म्हण की.

भाची : का म्हणू? इंटरनेटवर जो तो ‘किडनीला पाणी, किडनीला पाणी’ सांगत सुटला आहे, त्याचं तीन वर्षं मोजून दिलेलं उत्तर आहे ते. मला तशा दहा ‘फसलेल्या’ चाचण्या हव्यात.

मामा : आणि अँटेना? रुग्णाला अजून तेच सांगतेस?

भाची : सांगते. सोनोग्राफीच्या पडद्यावर जिथे करडी, एकसारखी, मुठीएवढी मूत्रपिंडं दिसायला हवीत तिथे काळी गोल भोकं भरलेली दिसतात. पाणी काळं दिसतं. माणूस विचारतो, मी काय चुकीचं खाल्लं? तेव्हा ‘तुमच्या पेशीवरची एक दांडी जन्मापासून चुकीचा निरोप देते आहे’ एवढं सांगितलं की त्याच्या मनावरचा दोष उतरतो. तपशील अर्धा माहीत आहे म्हणून हे वाक्य खोटं ठरत नाही.

मामा : ‘ऐकत नाही’ म्हणू नकोस, ‘चुकीचा निरोप देते’ म्हण. मग मी वाद घालणार नाही.

भाची : तेच म्हणाले आत्ता.

कोण जिंकलं विचाराल, तर वल्ह्याचा पक्ष हरला, हे माझं मत. पण प्रवाह मोजणाऱ्या अँटेनाचा पक्षही मूत्रपिंडाच्या मैदानावर जिंकलेला नाही. सिलियाला संवेदना आहे. मूत्रपिंडात ती नेमकी कशाची, हा प्रश्न उघडा आहे, आणि पुढची औषधं त्याच उत्तरावर अडली आहेत.

दुसरी एक गोष्ट मात्र उघडी नाही. गाठींचा हा आजार साधारण हजारात एकाला असतो आणि आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आपल्याकडे घरच्या आजारांची नोंद आत्याच्या किंवा काकूच्या आठवणीत असते : ‘आजोबांना बीपी होतं, पोट सुजलं होतं, मिरजेला नेलं, मग गेलेच.’ नातवंडं सिडनीत, आठवण सांगलीत. इथला डॉक्टर घरचा इतिहास विचारतो तेव्हा आपण ‘नथिंग’ म्हणून मोकळे होतो. पुढच्या फोनवर गावाकडे विचारा : घरात कोणाची किडनी निकामी झाली होती का, डायलिसिस लागलं होतं का, मेंदूत रक्तस्राव होऊन कोणी तरुणपणी गेलं का. उत्तर ‘हो’ असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, रक्तदाब मोजून घ्या आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. आईबापांपैकी एकाला हा आजार असेल, तर पंधरा ते एकोणचाळीस वयात दोन्ही मूत्रपिंडं मिळून तीन गाठीही निदानाला पुरतात. आणि रक्तदाब वेळेवर आवरला तर मूत्रपिंडांवरचा आणखी एक भार टळतो.